हरिश्चंद्रगड निसर्गभ्रमंती: शरीराची तयारी कशी करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत आम्ही पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निसर्गभ्रमंती नेतो. शनिवारी संध्याकाळी पाचनईत पोहोचायचं, गावातल्या घरात मुक्काम करायचा आणि रविवारी उजाडायच्या आत चढाईला लागायचं. नाव नोंदवणाऱ्यांचे फोन सुरू झाले की बुटांबद्दल आणि जेवणाबद्दल भरपूर विचारलं जातं. शरीराबद्दल मात्र एकच प्रश्न येतो, "जमेल ना मला?"

जमेल. कसाबसा चढून जाणारे पुष्कळ असतात. पण धापा टाकत चढणाऱ्याला पुढच्याच्या टाचांशिवाय काही दिसत नाही. कातळावरची सोनकी, ओढ्याकाठचा तेरडा, झाडीतून येणारी शीळकरी कस्तूराची लांब शीळ हे सगळं त्याच्या शेजारून निघून जातं. आम्ही तयारीचा आग्रह धरतो तो एवढ्यासाठीच. चालताना तुमच्याकडे बघायला आणि ऐकायला दम शिल्लक असला पाहिजे.

पाचनईची वाट नेमकी किती अवघड आहे?

गडावर जाणाऱ्या प्रचलित वाटांपैकी ही सर्वात सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांब आणि दमवणारी आहे. बेलपाड्याकडून वर येणारी नळीची वाट ही दोर आणि अनुभव असणाऱ्यांची, तिचा विचार इथे करू नका.

पाचनईहून सुरुवातीलाच अंगावर येणारा चढ आहे. तो संपला की वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून आडवी जाते आणि बाजूला खोल घळ उघडते. काही ठिकाणी रेलिंग आहेत. पाऊस नुकताच सरलेला असेल तर वरून पाणी ठिबकत असतं आणि दगडांवर शेवाळ असतं. पुढे ओढे ओलांडत, झाडीतून चालत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोहोचतो. थांबत, बघत गेलं तर अडीच ते तीन तास लागतात. तिथून कोकणकडा, म्हणजे गडाचा पश्चिमेकडचा उंच कडा, अर्ध्या-पाऊण तासावर. हे सगळं करून पुन्हा पाचनईत उतरेपर्यंत दिवसभरात सहा ते सात तास चालणं होतं. कठीण भाग थोडा आहे, पण चालण्याचे तास पुष्कळ आहेत, आणि तयारी त्या तासांची करायची आहे.

मी आत्ता या चालीला तयार आहे का, हे घरबसल्या कसं कळेल?

दहा मजले चढा. इमारत पाच मजल्यांची असेल तर दोनदा. वेग आपला नेहमीचा ठेवा, पण मध्ये बसू नका. वर पोहोचताच सोबतच्या माणसाशी बोला. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं तर पाया चांगला आहे. दोन-दोन शब्दांवर थांबावं लागलं तर सहा ते आठ आठवड्यांची तयारी हवी. छातीत दाब आला, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर व्यायाम बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

पुण्याच्या मंडळींना आम्ही सिंहगडच सांगतो. आतकरवाडीहून पायवाटेने निघून न बसता दीड तासाच्या आत पुणे दरवाजा गाठलात आणि त्याच वाटेने पायी खाली आलात, की आमच्याकडून निश्चिंत राहा. वर जाऊन भजी-दही खाऊन जीपने उतरणं यात धरलेलं नाही. नाशिककरांना पांडवलेणी आहे, तिच्या पायऱ्या सलग तीनदा चढा-उतरा. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंत चालत जाऊन लेण्यांच्या पायऱ्या फिरून परत या. तेवढं चालणं झाल्यावर संध्याकाळी तुम्ही कसे असता, त्यावरून बरंच कळतं.

तयारीला किती दिवस लागतात आणि काय करायचं?

रोजची हालचाल फारशी नसेल तर आठ आठवडे धरा, थोडीफार असेल तर सहा.

पहिले दोन आठवडे फक्त चालायचं. आठवड्यातून पाच दिवस, पस्तीस-चाळीस मिनिटं, घाम येईल अशा चालीने. फोनवर गप्पा मारत मारलेल्या फेऱ्यांचा फारसा उपयोग नाही. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस जिना धरा. आधी पंधरा मिनिटं चढ-उतार, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. आठवड्यातून दोनदा पायांचा व्यायाम हवाच: उठाबशा, एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, आणि कंबर-पोटासाठी कोपरांवर अंग तोलून धरणं. रविवारी लांब चाल. ती दीड तासापासून सुरू करून सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत चार तासांवर न्या, शक्यतो टेकडीवर, आणि शेवटच्या दोन-तीन रविवारी जे बूट आणि जी सॅक घेऊन येणार आहात तीच घेऊन.

निघण्याआधीच्या आठवड्यात कमी करा. ज्यांची तयारी अपुरी राहिलेली असते ते नेमके याच आठवड्यात रोज दोन तास जिने चढतात आणि दुखऱ्या पायांनी गाडीत बसतात. शेवटचे चार दिवस हलकं चालणं आणि झोप, बस्स.

चढायची भीती वाटते. उतरणं सोपं असतं ना?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

चढताना दम लागतो, पण दम भरून येतो. पाच मिनिटं थांबलं की माणूस पुन्हा चालतो. उतरताना त्रास देणारी गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक पावलाला शरीराचं वजन खाली येत असतं आणि मांडीच्या पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ते वजन रोखून धरत असतो. ताणलं जाताना जोर लावणं हे काम स्नायूच्या तंतूंना सर्वात जास्त बारीक इजा करतं, आणि शहरात ते आपल्याकडून होतच नाही, कारण आपण लिफ्टने उतरतो. दोन तासांनी मांड्या लटपटायला लागतात, वजन थेट गुडघ्यांवर येऊ लागतं, पाऊल जिथे ठेवायचं तिथे पडत नाही. घसरणं, पाय मुरगळणं या गोष्टी बहुतेक वेळा दुपारनंतर, उतरताना, आणि "आता आलंच गाव" असं वाटायला लागल्यावर होतात.

म्हणून उतरण्याचा सराव वेगळा करा. घरच्या जिन्याच्या सर्वात खालच्या पायरीवर उभे राहा. हात कठड्यावर हलका टेकलेला असू द्या. डावा पाय पायरीवर, उजवा पुढे हवेत. आता मनात चारपर्यंत मोजत डावा गुडघा हळूहळू वाकवा आणि उजवी टाच जमिनीला जेमतेम लावा. वजन खाली टाकू नका, टाच टेकली की परत वर या. गुडघा आतल्या बाजूला कलू देऊ नका, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर केलंत तर लगेच दिसेल. प्रत्येक पायाने आठ वेळा, असे तीन फेरे. पहिल्या दिवशी मांडी थरथरते, तिसऱ्या आठवड्यात थरथर जाते.

दुसरा सराव आणखी सोपा: ऑफिसात लिफ्टने वर जा आणि जिन्याने उतरा. सगळे लोक उलटं सांगतात, आणि हृदयासाठी ते बरोबरही आहे. पण गडाच्या उतरणीसाठी हेच उपयोगी पडतं.

प्रत्यक्ष वाटेवर पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि पूर्ण तळवा टेकवा. घाबरून मागे रेललं की टाचेवर भार जातो आणि माणूस हमखास बसकण मारतो. अंग थोडं पुढेच ठेवा. ओल्या कातळावर उडी नको, घाई नको. काठी असेल तर ती आधी खाली टेकते, मग पाऊल.

मी जिमला जातो, पळतो किंवा सायकल चालवतो. पुरे नाही का?

दमाच्या बाबतीत पुरे. पण सायकलमध्ये उतरणीचा भार मांडीवर येतच नाही, आणि ट्रेडमिलच्या पट्ट्यावर घोट्याला वाकडंतिकडं पडायची सवय होत नाही. त्यात जिना उतरणं आणि खडबडीत जमिनीवरचं चालणं एवढी भर घाला. एका पायावर उभं राहून दात घासा, मिनिटभर डावा, मिनिटभर उजवा. घोट्याचा तोल यातून सुधारतो.

सूर्यनमस्कार घातले तर चालतील?

जरूर घाला. कंबर, खांदे, मांडीमागच्या शिरा मोकळ्या राहतात. पण चालण्याची जागा ते घेत नाहीत.

दोनच आठवडे उरले आहेत. नाव काढून घेऊ का?

जिन्याची चाचणी द्या. दम ठीक असेल तर या. एक दिवसाआड जिना उतरण्याचा सराव, एक तीन तासांची चाल आणि बूट रुळवणं, एवढं या काळात होतं. स्नायूंची ताकद दोन आठवड्यांत फार वाढत नाही, पण उतरणीची तोंडओळख आधी झालेली असली तर नंतरचं दुखणं बरंच कमी होतं. चाचणीत हाल झाले असतील तर पुढची तारीख घ्या. गड तिथेच आहे.

माझे गुडघे आधीपासूनच दुखतात.

कधी दुखतात ते बघा. जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर बऱ्याच जणांमध्ये मांडी आणि नितंबाचे स्नायू कमजोर असण्याचा त्याच्याशी संबंध असतो आणि व्यायामाने फरक पडतो. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून महिना-दीड महिना व्यायाम शिकून घ्या. गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, सूज येत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय येऊ नका.

पट्टा बांधून धीर येतो, ताकद येत नाही. दोन काठ्या मात्र खरोखर भार उचलतात, त्या घ्या. आणि निघतानाच वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत सोडा. दुखणं ही सूचना असते, ती दाबली की माणूस नको तेवढा चालतो. शिवाय अंगातलं पाणी कमी झालेलं असताना यांतल्या काही गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

बीपी, मधुमेह, दमा, हृदयविकार असेल तर येता येतं का?

रक्तदाब औषधांनी काबूत असेल तर येता येतं. गोळी रोजच्या वेळी घ्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण घाम आणि ती गोळी मिळून अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं.

मधुमेह्यांसाठी चढणीवर साखर वाढण्यापेक्षा ती एकदम खाली जाण्याचा धोका मोठा. विशेषतः इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना. त्या दिवसाची मात्रा किती ठेवायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मनाने गोळी सोडू नका. ग्लुकोज पावडर किंवा साखरेचा पुडा खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. हात थरथरणं, दरदरून घाम, विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची खूण असू शकते. अशा वेळी आधी साखर खा, मग बोला. पायाला बधिरपणा असेल तर दर विसाव्याला मोजे काढून तळवे बघा. फोड आलेला तुम्हाला कळणारच नाही.

दमा असणाऱ्यांनी इन्हेलर छातीशी असलेल्या खिशात ठेवावा. तो गाडीत राहिला तर गावापर्यंत माघारी यावं लागेल. गारठा, धुकं आणि चढ एकत्र आले की छाती आवळते, म्हणून पहिली वीस मिनिटं मुद्दाम संथ चाला.

हृदयविकार, अँजिओप्लास्टी, बायपास झालेल्यांना हृदयरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी लागते. चाळिशी उलटलेल्या आणि बरीच वर्षं व्यायाम न केलेल्या प्रत्येकाने एकदा तपासणी करून घ्यावी, हा आमचा आग्रह आहे. वाटेत छातीवर दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, गार घाम यांतलं काहीही झालं तर "ॲसिडिटी असेल" म्हणून पुढे चालू नका. तिथेच थांबा, सांगा.

नोंदणीच्या अर्जात आजाराचा रकाना आहे. तो खरा भरा. अर्जात मधुमेह लिहिला म्हणून आम्ही कुणाला नाकारत नाही. पण लपवलेला आजार कातळाखालच्या आडव्या वाटेवर समोर आला, तर मदत करणाऱ्यांचे हात बांधले जातात. राजूर हे जवळचं मोठं गाव, तेही गाडीने. पाचनईपर्यंत माणसाला खाली आणणं हाच मोठा उद्योग असतो.

वयाची अट काय? वजन जास्त असेल तर?

आठ वर्षांच्या पुढची मुलं आई-वडिलांसोबत येऊ शकतात. मुलं चढताना दमत नाहीत, कंटाळतात. त्यांच्या हातात दुर्बीण द्या. वरच्या वयाला अट नाही. साठी ओलांडलेले नेमाने चालणारे लोक तिशीतल्या संगणकापुढे बसणाऱ्यांपेक्षा नीट चालतात, हे आम्ही वारंवार पाहतो.

वजनाचा आकडा आम्ही विचारत नाही. जिन्याची चाचणी आणि चार तासांची चाल जमली की झालं. वजन जास्त असेल तर उतरणीचा सराव इतरांपेक्षा जास्त करा आणि मांड्या घासून सोलवटू नयेत म्हणून मांड्यांना व्हॅसलिन लावून आतून घट्ट बसणारी पँट घाला.

पाळीच्या दिवसांत आले तर चालेल का?

चालेल. आमच्या बाजूने कसलीही आडकाठी नाही. ज्यांना पहिल्या दिवशी फार त्रास होतो त्यांनी तारीख बघून नोंदणी करावी, एवढंच. पॅड नेहमीपेक्षा जास्त घ्या, वापरलेले कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत घालून परत आणा, झुडपात टाकू नका. कप वापरणार असाल तर भ्रमंतीवर पहिल्यांदा वापरू नका, आधी दोन-तीन पाळ्यांत सवय करून घ्या. वाटेत थांबावंसं वाटलं तर सोबतच्या महिला सहायकांना नुसतं "थांबूया" म्हणा, कारण विचारलं जात नाही. आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं, ही सवय डोंगरात फार महागात पडते.

नवरात्राचा उपवास आहे. उपवासाने गड करू का?

ऑक्टोबरच्या तारखांना हा प्रश्न हमखास येतो. निर्जळी उपवासाने नेत नाही, यात सूट नाही. फराळ चालत असेल तर या, पण नीट खा. पहाटे केळी आणि दूध, सोबत खजूर, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की. दर तासाला थोडं तोंडात टाका. तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन चढायला लागलं की ती छातीशी बसते, ती खाली आल्यावर खा. मीठ चालत असेल तर लिंबू-सरबतात मीठ घाला. सैंधव चालत असेल तर तेही उत्तम.

पाणी किती घ्यायचं? ओआरएस कधी?

तीन लिटर. सकाळी गारवा असतो म्हणून लोक एक बाटली घेऊन निघतात आणि दुपारी उतरताना ती रिकामी असते. ऑक्टोबरचं ऊन कातळावर तापतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट प्या.

तासन्तास घाम गाळून नुसतं साधं पाणीच ढोसणंही बरं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. एक लिटर पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट घाला. अर्धं पाकीट बाटलीत आणि अर्धं उद्याला, असं करू नका; त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. गडद झाली की कमी पडतंय. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गुरं चरतात. गाळून, निर्जंतुक करूनच प्या.

आदल्या रात्री काय खावं?

पाचनईत भात, आमटी, भाजी आणि नागलीची किंवा तांदळाची भाकरी असते. पोटभर जेवा, पण ठेचा जपून. सकाळी पोटाने दगा दिला तर चढ मोठा वाटतो. दारू चालत नाही. गडावर नाही, गावात नाही, गाडीतही नाही. रात्री गप्पा लवकर आवरा, कारण चारला उठायचं आहे.

एवढ्या पहाटे निघायची काय गरज?

ऊन चढायच्या आत चढ संपतो, हे एक. दुसरं कारण कोकणकड्याचं. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद करून ठेवली आहे, ज्याला आपण इंद्रवज्र म्हणतो. ते दिसायला समोर दरीत धुकं लागतं आणि सूर्य पाठीशी, खालच्या कोनात. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सूर्य पाठीशी असतो तो सकाळीच. तेव्हाही ते दिसेलच असं नाही. पण दहाच्या सुमारास धापा टाकत पोहोचणाऱ्याला ती संधीच मिळत नाही.

कोणते बूट घ्यावेत?

घोट्यापर्यंतचे किंवा त्याखालचे, दोन्ही चालतात. तळव्याची पकड मऊ रबराची आणि खाचा खोल हव्यात. किमतीचा आणि पकडीचा संबंध नाही. ॲक्शन कंपनीचे स्वस्त ट्रेकिंग बूट घालून सह्याद्री फिरलेल्या पिढ्या आहेत. गुळगुळीत झालेले पळायचे बूट मात्र ओल्या कातळावर धोकादायक. माप घेताना संध्याकाळी जा, जाड मोजे घालून घ्या, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा.

नवे बूट निदान महिनाभर आधी वापरायला काढा. पायाची नखं दोन-तीन दिवस आधी कापा, नाहीतर उतरताना ती बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात. उतरणीला लागण्याआधी बसून नाड्या पुन्हा आवळा, घोट्यापाशी घट्ट आणि बोटांवर सैल, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही. जुने, कपाटात पडून राहिलेले बूट आणणार असाल तर घरीच वाकवून बघा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटाचा तळवा नेमका वाटेवर सुटतो.

जीन्स नको. भिजली की जड होते आणि वाळत नाही.

सॅक किती जड असावी?

पाण्यासकट पाच-सहा किलोंच्या आत. मुक्कामाचं सामान गावात राहतं. कमरेचा पट्टा बांधा, म्हणजे भार खांद्यांवरून कमरेवर येतो. हात मोकळे हवेत, त्यामुळे हातात पिशवी किंवा खांद्याला अडकवलेली पर्स नको.

मला गाडी लागते.

घोटीहून राजूरमार्गे येणारा रस्ता वळणांचा आहे. उलट्या होऊन पोहोचलेल्या माणसाची सकाळ वाया जाते, म्हणून हे हलकं घेऊ नका. पुढे बसा, मोबाइल बंद, पोट पूर्ण रिकामं नको. नेहमीची गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्या. तिने झोप येते, त्यामुळे ती संध्याकाळच्या प्रवासातच घ्या, पहाटेच्या चढाईआधी नाही.

मला उंचीची भीती वाटते. कोकणकडा बघता येईल?

येईल. कड्याच्या काठाकडे उभ्याने कुणालाच सोडत नाही. अलीकडेच बसायचं, पालथं झोपून पुढे सरकायचं, आणि मागून कुणीतरी पाय धरलेले असतात. वाऱ्याचा जोर असेल तर तेही नाही. नको वाटलं तर दहा पावलं मागे बसून समोरचं कोकण बघा, दृश्य कमी होत नाही.

आडव्या वाटेवर घळीची भीती वाटली तर सांगा, आमच्यातला एकजण तुमच्या दरीकडच्या बाजूने चालेल. नजर पुढच्या दोन पावलांवर ठेवा.

तिथे हवा विरळ असते का?

नाही. गडाचं सर्वात उंच टोक, तारामती शिखर, १,४०० मीटरच्या थोडं वर आहे, आणि महाराष्ट्रातलं सर्वोच्च कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच. विरळ हवेचा आजार साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. इथे धाप लागली तर ती चढाची आणि सवय नसल्याची. हिमालयात जायचं मनात असेल तर हा गड पायांसाठी चांगली परीक्षा आहे. उंचीची तयारी मात्र इथे होत नाही.

मी सगळ्यांच्या मागे पडले तर?

सर्वात संथ चालणारी व्यक्ती आमच्याकडे पुढे असते, वाटाड्याच्या मागोमाग. सगळ्यांची चाल तिची चाल. मागे राहणाऱ्याची गंमत अशी की तो धापा टाकत पोहोचतो तेव्हा बाकीचे विसावा संपवून उठलेले असतात, म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच विश्रांती मिळत नाही. ते आम्ही होऊ देत नाही. संथ चालण्याची लाज नको. कारवी फुललेली असली तर, आणि ती साधारण सात वर्षांतून एकदाच फुलते, संथ चालणाऱ्यांनीच ती नीट पाहिलेली असते.

वाटाडे पाचनईचेच असतात. त्यांनी "आज ओढ्याला पाणी जास्त आहे, परत फिरू" म्हटलं की परत फिरायचं. त्यावर चर्चा होत नाही.

साप, मधमाश्या यांचं काय?

घोणस, फुरसं, नाग, मण्यार हे चारही विषारी साप सह्याद्रीत आहेत, आणि झाडीत हिरवा चापडाही. त्यांना तुमच्याशी देणंघेणं नसतं. न बघता दगडाखाली किंवा कपारीत हात घालू नका, अंधारात विजेरी लावूनच चाला. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांतलं काही करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढायचं, तो भाग हलू द्यायचा नाही, त्या माणसाला चालवायचं नाही आणि लवकरात लवकर प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यायचं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गावापर्यंत बोलवता येते.

आग्या माश्यांची आम्हाला सापांपेक्षा जास्त काळजी वाटते. कड्यांवर त्यांची पोळी असतात. अत्तर, सुगंधी तेल, डिओ लावून येऊ नका. धूर, शेकोटी, सिगारेट नाही. आरडाओरडा, शिट्ट्या, गाण्याचा स्पीकर नाही. माश्या उठल्याच तर हातवारे न करता चेहरा-डोकं कापडाने झाका आणि वाटाडा सांगेल त्या दिशेने लांब व्हा, कड्याकडे धावू नका. पूर्वी कधी माशी चावून घसा सुजला असेल किंवा धाप लागली असेल तर हे नोंदणीच्या वेळीच सांगा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध सोबत आणा.

निघायच्या दोन दिवस आधी ताप आला, आता उतरला आहे.

येऊ नका. ताप उतरला तरी शरीर सावरलेलं नसतं, आणि व्हायरल तापानंतर लगेच जोराचे श्रम हृदयालाही जोखमीचे ठरू शकतात. डेंग्यू, मलेरिया होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच चढाईचा विचार करा. तब्येतीमुळे राहिलेल्यांना आम्ही पुढच्या तारखेला घेतो, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. "पैसे भरलेत म्हणून आलो" असं कुणी म्हणू नये, यासाठीच हा नियम आहे.

परत आल्यावर पाय किती दिवस दुखतील?

दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि चार-पाच दिवसांत जातं. सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागणं हे नेहमीचंच. पूर्ण पडून राहू नका. सपाटीवर वीस मिनिटं हळू चाललं की मोकळं वाटतं. कोमट पाण्याने शेका, डाळ-उसळ-अंडी असं प्रथिनांचं जेवण घ्या, झोप काढा. दुखऱ्या मांड्या जोरात रगडून घेऊ नका.

एका जागी टोचणारं दुखणं, सूज, पाय टेकवताच येणारी कळ असेल तर तो थकवा नव्हे, इजा असू शकते. आणि लघवी चहासारखी तपकिरी झाली, सोबत स्नायू फार ताठरले असतील, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.